एकोणिसाचा पाढा

"समजलं का?" असं वर्गात विचारलं की आपल्याकडे एकच उत्तर येतं. चाळीस तोंडं एका सुरात म्हणतात, "होऽऽ बाई!" ज्याला काहीच समजलेलं नसतं तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो, कारण गप्प राहिलं तर बाई उभं करतात एवढं त्याला पक्कं समजलेलं असतं. हेमलता शिंत्रे यांनी एकवीस वर्षं हा होकार ऐकला होता आणि त्याआधी पंधरा वर्षं स्वतः दिला होता. त्यामुळे या होकाराची झडती घेणारं यंत्र जेव्हा निघालं, तेव्हा चाफेवाडीच्या शाळेत सगळ्यांत जास्त कोण घाबरलं असेल, तर शिंत्रे बाई.

वरवर पाहता त्यांनी घाबरण्याचं काही कारण नव्हतं. आजरा तालुक्यात इंग्रजी म्हटलं की त्यांचंच नाव निघे. इंटरनेटवर त्यांची 'इंग्रजीची पेटी' होती. इंग्रजी शिकवायला आणि शिकायला उपयोगी पडेल असं जे जे जगात फुकट मिळतं, ते बाईंनी बारा वर्षं खपून तिथे लावून ठेवलं होतं. गाणी, गोष्टी, चित्रांचे खेळ, उच्चारांचे व्हिडिओ. प्रत्येकाखाली मराठीत दोन ओळी असत: हे तिसरीला चालेल, याच्यात जाहिराती फार येतात, याचा आवाज आपल्या पोरांना झेपत नाही, हे पहिल्या दहा मिनिटांनंतर पैसे मागतं, तेव्हा नवव्या मिनिटाला बंद करा. मेळघाटापासून सावंतवाडीपर्यंतचे शिक्षक सकाळी शाळा भरायच्या आधी ती पेटी उघडून बघत.

पण खरी गोष्ट बाईंनाच ठाऊक होती. त्यांना इंग्रजी वाचता येत होतं. शब्दकोश शेजारी असला आणि घाई कुणी केली नाही, तर काहीही वाचता येत होतं. वर्गातली शंभरेक वाक्यं त्या फाडफाड बोलत. समोरचा माणूस मात्र इंग्रजीत बोलू लागला की तिसऱ्या वाक्यानंतर कानांत नुसता आवाज शिरायचा. मग त्या मान डोलवायच्या, 'येस, येस' म्हणायच्या आणि माणूस हसला की हसायच्या. एकवीस वर्षांत कुणाला कधी संशय आला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्या मनाशी म्हणत.

जून २०३४ मध्ये 'उमज' आलं. तसं म्हटलं तर इंग्रजी शिकवणाऱ्या शेकडो साइटींमध्ये आणखी एक. फरक एवढाच, की धडा चालू असताना टॅबचा कॅमेरा शिकणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचा आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक दिवा लागायचा. समजत असेल तर हिरवा, अर्धवट समजत असेल तर पिवळा, नसेल तर लाल.

त्यामागचं शास्त्र तसं अवघड नव्हतं. आपण एखादं वाक्य ऐकतो तेव्हा मेंदू एकेक शब्द गोळा करून धरून ठेवतो. पूर्ण अर्थ लागेपर्यंत ते ओझं खाली ठेवता येत नाही. या श्रमानं डोळ्यातली बाहुली केसाच्या रुंदीएवढी मोठी होते. वाक्य संपलं, अर्थ लागला की ओझं उतरतं, बाहुली लहान होते आणि नेमकी तेव्हाच पापणी लवते. ज्याला समजत नाही त्याची बाहुली नुसतीच ताणलेली राहते, किंवा तो नाद सोडून देतो आणि ती ढिली पडते. त्याची पापणी कुठेही लवते. डोळ्याला हे ठरवून करता येत नाही, म्हणून तोंडानं कितीही 'हो' म्हटलं तरी दिवा ऐकत नसे. एका वर्षात हा दिवा शाळांतून बँकांत गेला, बँकांतून कारखान्यांत गेला. 'समजले' असं लिहून सही घेण्याची पद्धत जुनी झाली आणि तिच्या जागी हिरव्या दिव्याची नोंद आली.

जिल्ह्यानं ठरवलं की इंग्रजी शिकवणाऱ्यांचा दिवाही एकदा बघावा. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असं परिपत्रकात अर्थातच लिहिलेलं नव्हतं, पण अर्थ तोच होता. आजऱ्याच्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर, सगळ्यांदेखत. पहिलं नाव शिंत्रे बाईंचं होतं, मान म्हणून. हातात आठ दिवस होते.

बाई रोज शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात टॅब पुढे घेऊन बसू लागल्या. एक इंग्रज म्हातारी आपल्या बागेतल्या गुलाबांविषयी बोलत होती. चार वाक्यं हिरवी, मग पिवळं, मग लाल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सहाव्या दिवशी त्यांना रडूच कोसळलं. म्हातारी बोलतच राहिली आणि बाईंनी लहानपणच्या सवयीनं मनातल्या मनात पाढा सुरू केला. त्यांचे वडील पोस्टमन. पोरगी इंजेक्शनला घाबरली, कुत्र्याला घाबरली की ते म्हणायचे, एकोणिसाचा म्हण, भीती जाते. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न.

दिवा हिरवा झाला होता.

बाईंनी डोळे पुसले. त्या शेवटी शिक्षिकाच, त्यांनी पुन्हा करून पाहिलं. दोनाचा पाढा म्हटला, दिवा लाल. तो फार सोपा, बाहुलीला काही श्रमच नाहीत. एकोणतिसाचा म्हटला, मध्येच अडखळायला झालं, दिवा पिवळा. एकोणिसाचा मात्र नेमका बसत होता. दोन आकडे धरायचे, उत्तर आलं की सोडायचे. बोलणाऱ्याचा सूर खाली उतरला की उत्तर म्हणायचं, एवढंच सांभाळायचं होतं, आणि वाक्य कुठे संपतं हे कळायला भाषा यावी लागत नाही. उमजमध्ये कुठलाही आवाज लावून बघता येई. बाईंनी तमिळ बातम्या लावल्या. एकोणीस सक चौदोदरसे. हिरवा.

सभागृहात बारा मिनिटं दिवा हलला नाही. टाळ्या पडल्या. केंद्रप्रमुख येसणे साहेब म्हणाले, "आता तालुक्याच्या मार्गदर्शक तुम्हीच." दर रविवारी काजू कारखान्यातल्या बायकांचा इंग्रजीचा वर्ग बाईंकडे आला. त्या वर्गात मागच्या रांगेत बसायची त्यांची धाकटी जाऊ, सारिका.

सारिका अकरा वर्षं कारखान्यात काजू फोडत होती. टरफलातलं तेल कातडी जाळतं. कितीही खोबरेल लावा, राख चोळा, बोटं काळी पडायची ती पडतातच. घरी पाहुणे आले की ती पदराखाली हात घेऊन बसे. कारखान्यात आता काजू वाफवायची परदेशी बनावटीची नवी टाकी येणार होती आणि तिच्यावर माणूस हवा होता. हातमोजे, हेल्मेट, कानात फोन. टाकीवर लक्ष ठेवणारा इंजिनीयर हॉलंडमध्ये बसून तिथून बोलणार होता. भाषांतराची यंत्रं होती, पण ती दोन-तीन सेकंद मागे राहतात आणि वाफ तेवढं थांबत नाही. म्हणून विमावाल्यांची अट होती, की टाकीवरच्या माणसाला सहा धड्यांचं इंग्रजी थेट समजलं पाहिजे. सहाही धड्यांना दिवा हिरवा हवा.

"आक्का, ऱ्हाऊ दे," एका संध्याकाळी भाकरी थापता थापता सारिका म्हणाली. "माझ्या डोस्क्यात न्हाई शिरत. दिवा लालच्या लाल. त्या पोरींचे हिरवे हुत्यात, मी आपला मागं बसून घाम पुसतो." कोल्हापूरकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना 'करतो, जातो' म्हणतात, तशीच तीही बोले.

"अगं, टाकीचं काम तर येतं ना तुला?"

"अकरा वर्षं जुन्या टाकीशेजारी बसतोय की! झोपेत इचारा. वाफ सोडायची, फुसफुस थांबली की चाक फिरवायचं, झाकण उघडायचं. त्यात इंग्रजी कशाला लागतंय?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. बोटांची काळी टोकं विस्तवाच्या उजेडात आणखी काळी दिसत होती. "ही बोटं तेवढी सुटली असती, बास."

बाईंना तिची माया आली. शिवाय मनात आलं, काम हिला येतंच आहे, भाषा म्हणजे नुसता उपचार. आपलं नाही का एकवीस वर्षं चाललं? त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुला एकोणिसाचा पाढा येतो?"

पंधरा दिवसांत सारिकाचे सहाही दिवे हिरवे झाले. ती बाईंच्या पाया पडली. "आक्का, तुमी हुता म्हणून," म्हणाली. आपलं गुपित आता दोघींचं झालं याचं बाईंना भय वाटलं नाही, उलट हलकंच वाटलं. हे मात्र त्यांनी तिला सांगितलं नाही, की हा पाढा आपण स्वतःसाठी शोधला होता. कुठूनशी युक्ती कळली, एवढंच म्हणाल्या.

मंगळवारी नवी टाकी पहिल्यांदा चालणार होती. सकाळी दहा वाजता सारिका नवं हेल्मेट हातात घेऊन निघाली. शाळेला स्थानिक सुट्टी होती, म्हणून बाई घरी पेटीचं काम करत बसल्या. कारखान्याचे सहा धडे तोवर नुसते ऐकायला मिळत; आता त्यांचा छापील मजकूर सगळ्यांना खुला झाला होता. तेही पेटीत लावावेत, खाली मराठीत दोन ओळी लिहाव्यात, असं त्यांच्या मनात होतं. लिहायचं म्हणजे आधी वाचायला हवं. त्यांनी शब्दकोश घेतला आणि पाचव्या धड्याचा छापील मजकूर सावकाश लावायला बसल्या.

चौथ्या परिच्छेदाशी त्यांचा हात थांबला.

जुन्या टाकीला एकच पोट होतं, नवीला दोन होती, एकात एक. वाफ सोडली की बाहेरचं पोट रिकामं होतं आणि फुसफुस थांबते. त्या वेळी आतलं पोट भरलेलंच असतं. खालचा कॉक उघडून आतल्या दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत वीस मिनिटं थांबायचं. फुसफुस थांबली म्हणून झाकण उघडू नका, असं तिथे जाड अक्षरांत दोनदा लिहिलं होतं. झाकणाला आपोआप लागणारं कुलूप पुढच्या महिन्यात बसणार होतं. तोवर सहा धडे समजलेला माणूस हेच कुलूप, असंही एका ओळीत म्हटलं होतं.

फुसफुस थांबली की चाक फिरवायचं. बाईंच्या कानात सारिकाचाच आवाज घुमला. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, एकेक शब्द कोशात पाहिला. शंकेला जागा नव्हती.

सारिकाचा फोन लागला नाही. कामावर जाताना फोन कपाटात ठेवावे लागत. बाईंनी मॅनेजर चौगुले यांना लावला. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

"चौगुले साहेब, नवी टाकी पहिल्यांदा कधी उघडणार?"

"साडेअकराला. का हो बाई? या की बघायला! पाहुणे आलेत, पेढे आहेत."

"सारिकाला जरा थांबवता का? मला तिचा पाचवा धडा एकदा घ्यायचा आहे."

चौगुले हसले. "अहो, सहाच्या सहा हिरवे आहेत तिचे. तुमच्याच वर्गातली! आता मध्येच माणूस थांबवला की तिकडे हॉलंडला नोंद होते. पहिल्याच दिवशी अपशकुन नको. दिव्यानं सांगितलंय ना, मग झालं."

"दिवा..." बाई म्हणाल्या. एक वाक्य पुरलं असतं. दिवा खोटा आहे, तो कसा फसवायचा हे मीच तिला शिकवलं. पण त्या वाक्यामागे सभागृह होतं, टाळ्या होत्या, बारा वर्षांची पेटी होती, 'येस, येस' होतं.

"बाई? ऐकू येतंय ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "येते मी." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी स्कूटर काढली. कारखाना सात किलोमीटरवर, वाट चढाची आणि वळणाची. जाऊन नुसतं सारिकाला खुणावू, म्हणजे कुणाला काही सांगायला नको, असा विचार त्या वाटभर करत होत्या आणि त्याची त्यांना तेव्हाही लाज वाटत होती. चिऱ्याच्या खाणीपाशी ट्रक आडवा लागला होता. तिथे बारा मिनिटं गेली. ड्रायव्हरला त्या जे बोलल्या ते चाफेवाडीच्या एकाही विद्यार्थ्यानं कधी ऐकलं नसेल.

फाटकातून आत शिरल्या तेव्हा अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती. वाफेच्या खोलीचं दार आतून बंद होतं. टाकी तापलेली असताना तिथे एकाच माणसाला राहायची परवानगी होती. खुणावण्याचा मार्ग संपला. बाई धावत चौगुल्यांच्या केबिनमध्ये गेल्या. भिंतीवर दोन पडदे होते. एकावर टाकीपाशी उभी असलेली सारिका, डोक्यावर हेल्मेट, कानात फोन, हातांत मोजे. दुसऱ्यावर हॉलंडचा इंजिनीयर, यान नावाचा, कॉफी पीत होता. दोन पाहुणे पेढ्याचं ताट घेऊन बसले होते.

"थांबवा तिला," बाई म्हणाल्या. "तिला पाचवा धडा कळलेला नाही."

चौगुल्यांचा चेहरा उतरला. पाहुण्यांसमोर हे काय! "बाई, दिवा हिरवा आहे. यंत्र डोळ्यात बघून सांगतं. खोटं कसं असेल?"

"माझा बघा मग." टेबलावर उमजचा टॅब होता. बाईंनी तो आपल्या तोंडासमोर धरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. "त्या साहेबांना सांगा, त्यांच्या घरच्या भाषेत बोला म्हणावं. काहीही. लवकर!"

चौगुल्यांनी गोंधळून यानला सांगितलं. त्यानं खांदे उडवले आणि डच भाषेत काहीतरी बोलू लागला. एकोणीस एके एकोणीस. त्याचा सूर उतरला. एकोणीस दुणे अडतीस. दिवा हिरवा झाला. एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस चोक शहात्तर. दिवा हिरवाच होता.

"मला डच येतं का हो चौगुले साहेब?" बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं. "ऐकलेलं इंग्रजीसुद्धा येत नाही मला! मी मनात पाढा म्हणते. सभागृहातही तोच म्हटला होता. सारिकालाही मीच शिकवला. तिला काही कळलेलं नाही, ती फुसफुस थांबली की झाकण उघडणार. थांबवा तिला!"

चौगुल्यांनी टेबलावरचा माइक उचलून यानला दोन वाक्यांत काय ते सांगितलं आणि त्याच्या हातातली कॉफी टेबलावर सांडली. तो माइककडे वाकून सारिकाच्या कानात बोलू लागला. इंग्रजीत, घाईघाईनं, एकामागून एक वाक्यं.

पडद्यावर सारिकानं मान डोलावली. स्पीकरमधून तिचा आवाज आला, नम्र आणि स्वच्छ. "येस सर."

पडद्यातली फुसफुस थांबली होती. सारिका पुढे झाली आणि तिनं चाकावर हात ठेवला.

यान ओरडला. "येस सर, येस सर," सारिका म्हणाली आणि चाक पाव फेरा फिरलं. साहेब घाई करतोय, म्हणजे लवकर उघडायला सांगतोय, असं तिला वाटलं असणार.

बाईंनी चौगुल्यांच्या हातून माइक हिसकावला आणि त्याचं 'टाकी' लिहिलेलं बटण दाबलं. "सारिके! हात काढ! मागं सर, भिंतीपाशी जा!"

सारिकाचा हात चाकावरून निखाऱ्यावरून काढावा तसा निघाला. ती मागे सरली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि वर कॅमेऱ्याकडे बघू लागली. झाकणाच्या कडेतून वाफेची एक बारीक, पांढरी पट्टी शिट्टी घालत बाहेर आली, आणि जिथे क्षणापूर्वी तिचं तोंड होतं तिथून छतापर्यंत गेली. तिच्या जोरानं भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं.

यानची सूचना आता चौगुल्यांच्या तोंडून मराठीत गेली. सारिकानं लांबच्या दांड्यानं खालचा कॉक उघडला. आतला काटा खाली यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात केबिनमध्ये कुणी बसलं नाही. पेढे तसेच राहिले. शेवटी चौगुल्यांनी घसा खाकरून माइकमध्ये विचारलं, "सारिका, आता काय झालं होतं ते समजलं का?"

"व्हय साहेब," सारिका म्हणाली.

हा होकार बाईंच्या चांगलाच ओळखीचा होता.

पुढे जे व्हायचं ते झालं. बाईंनी स्वतःच्या हातानं सगळं लिहून दिलं. मार्गदर्शकपद गेलं, चौकशी लागली, सभागृहात ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनी बाजारात पाहून न पाहिल्यासारखं केलं. उमजवाल्यांनी पंधरा दिवसांसाठी सगळे दिवे बंद ठेवले. तपासणी निघाली तेव्हा कळलं की पाढा फक्त आजऱ्यात नव्हता. कुठे कुणी स्तोत्र म्हणत होतं, कुणी स्टेशनांची नावं. नव्या टाकीला आधी कुलूप बसलं, मग ती चालू झाली. त्यावर शेजारच्या गावचा एक माणूस आला. सारिका पुन्हा काजू फोडायला बसली.

तिनं बारा दिवस बाईंशी अबोला धरला. एकाच चुलीवर दोघी रांधत होत्या, पण मीठ मागायचं तर ती लेकीला मध्ये घाली. तेराव्या दिवशी बाईंनीच विषय काढला. "सारिका, जीव वाचला गं तुझा. तेवढ्यासाठी तरी बोल."

सारिकानं परात खाली ठेवली. "जीव वाचला, कबूल हाय. पर त्यो जायला कुणामुळं निघाला हुता? मला दिवा गेल्याचं दुख न्हाई आक्का. तुमाला बी कळत न्हाई, हे तुमी मला ह्या चुलीपाशी सांगायला पायजे हुतं. मला वाटायचं, सगळ्यांस्नी कळतंय, मीच एकटी दगड. तुमी न्हाई म्हणाला असता, तर मी बी न्हाई म्हणालो असतो की!"

बाई रडल्या, आणि सारिकानं त्यांना रडू दिलं.

त्या रविवारी बाईंनी वर्ग भरवला, कुणाच्याही परवानगीशिवाय, शाळेच्या ओसरीवर. येतील तर येतील. बावीस बायकांपैकी नऊ आल्या. सगळ्यांत शेवटी सारिका आली आणि नेहमीच्या मागच्या जागी बसली. बाईंनी टॅबच्या कॅमेऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवला आणि पाचवा धडा काढला.

"आधी माझं ऐका," त्या म्हणाल्या. "हा धडा मी काल संध्याकाळी कानांनी ऐकला. पहिल्यांदा मला चार शब्द कळले. सातव्यांदा निम्मा कळला. अजून पुरता कळलेला नाही. जिथं मला कळणार नाही तिथं मी तसं सांगीन."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बाईंनी आवाज लावला. इंजिनीयर सावकाश, स्पष्ट बोलत होता. बाईंनी तीन वाक्यांनंतर थांबवलं, टाकीचं चित्र फळ्यावर काढलं, दोन पोटं दाखवली, पुन्हा आवाज लावला. मग एकवीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "समजलं का?"

"होऽऽ बाई!" आठ जणी एका सुरात म्हणाल्या.

त्या सुराच्या शेपटाला मागून एक आवाज आला. "न्हाई."

नऊही माना वळल्या असत्या, पण नववी मान तिचीच होती. सारिकाचे काळ्या टोकांचे हात मांडीवर होते, पदराखाली नव्हते. ती लाल झाली होती, पण तिनं मान खाली घातली नाही.

"कुठून नाही समजलं?" बाईंनी विचारलं.

"पयल्यापासनं."

पुढच्या रांगेतली एक बाई घुटमळली आणि हळूच म्हणाली, "मला बी... खरं सांगायचं तर."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी फळा पुसला, खडू उचलला आणि धडा पहिल्यापासून लावला.